साडेदहाची गर्दी

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. सध्या माझा मुक्काम चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर, एका भंगारवाल्याच्या दुकानामागे आहे. वर गळका पत्रा, खाली ओल आणि शेजारी पोट फाडलेले प्रिंटर. तुम्ही मला कधी पाहिले नसेल. आम्हाला पाहायला कोणी येतही नाही. पण तुम्ही संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडता, तेव्हा समोर येणारे पान माझ्यासारख्याच कुठल्यातरी यंत्राने पाठवलेले असते. पान आले तर आमचे नाव कोणी काढत नाही, नाही आले तर शिव्या मात्र आम्हालाच. असो.

परदेशातल्या कारखान्यात जन्मून मी जहाजाने बंदरात उतरलो आणि २००५ साली वेलचेरीतल्या एका लहानशा कंपनीत आलो. मालक कृष्णकांत सोलापूरचे. लोकांची संकेतस्थळे बांधून ती स्वतःच्या यंत्रावर चालवणे हा त्यांचा धंदा. मला खोक्यातून काढले तेव्हा राघोत्तमने माझ्या कपाळाला चंदनाचे बोट लावले. राघोत्तम हा तिथला मुख्य इंजिनिअर, तंजावरकडच्या मराठी घरातला. त्याच्या घरात जुनी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि कामात इंग्रजी. कृष्णकांत त्याला चिडवायचे, "तुमची मराठी ऐकली की मला पणजोबांशी बोलल्यासारखं वाटतं!" तो हसायचा आणि माझ्या जाळीतली धूळ फुंकून काढायचा. इतक्या मायेने मला पुढे कोणी हात लावला नाही.

साडीच्या दुकानाचे पान, शाळेचे पान, एका डॉक्टरांचे पान अशी बारीकसारीक कामे मी वर्षभर बिनबोभाट केली. मग मोठे काम आले. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्याला कायम कामगार भरायचे होते. अर्ज फक्त संकेतस्थळावरून घ्यायचे आणि तेही एकाच दिवशी, शनिवारी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत. संकेतस्थळ आमच्याकडे, म्हणजे माझ्या अंगावर.

ज्या खोलीत मी होतो तिथेच खर्चाची आखणी झाली. गर्दीच्या दिवसापुरती दुसरीकडे भाड्याने यंत्रे घेता येतात. कृष्णकांतांनी तशी दोन घ्यायचे मनात धरले होते आणि पैसेही बाजूला काढले होते. राघोत्तमने कागदावर आकडेमोड केली. दिवसभरात किती अर्ज येतील ते धरले, त्याला तासांनी भागले, वर थोडी भर घातली आणि म्हणाला, "हा एकटा पुरेल, सर. उगाच खर्च कशाला?"

"पण समजा, सगळे एकाच वेळी आले तर?" कृष्णकांतांनी विचारले.

"अस्के एकदम कशाला येतील, सर? ज्याला जेव्हां फुरसत, तो तेव्हां येईल कीं." त्याच्या मराठीत अस्के म्हणजे सगळे.

कृष्णकांत खूश झाले. बाजूला काढलेले पैसे परत पेटीत गेले आणि राघोत्तमचे कौतुक झाले. मलाही तेव्हा बरेच वाटले. एकट्याने पुरे पडणार म्हटल्यावर कोणाची छाती फुगत नाही?

त्याच दिवशी दुपारी राघोत्तमने माझ्यापुढे उभे राहून धाकट्या भावाला फोन लावला. हा व्यंकट. श्रीपेरुंबुदूरलाच दुसऱ्या एका कारखान्यात कंत्राटावर राबायचा. कंपनीच्या बसमध्ये बसेपर्यंत आज काम आहे की नाही याची खात्री नसायची. कायम नोकरीसाठी वयाची अट होती आणि व्यंकटचे ते शेवटचे वर्ष. त्यांची आई सुंदरीअम्मा देवापुढे बसून एकच मागणे मागत होती. सगळ्या घराचा जीव त्या एका शनिवारावर टांगणीला लागला होता.

"नऊला उघडलं म्हणून लगेच बसूं नको रे," राघोत्तम फोनवर सांगत होता. "शनवार आहे. साडेदहापर्यंत राहुकालम्. तें संपलं कीं लगेच भर. अम्माही तेंच सांगाली."

मित्रांनो, राहुकाळाच्या अशुभ दीड तासात चेन्नईत नवे काम सहसा कोणी हाती घेत नाही. दागिना घ्यायचा असो की घर बघायला जायचे असो, माणसे घड्याळाकडे बघत थांबतात. राघोत्तमला हे कोणी शिकवायला नको होते. तो त्यातच वाढला होता. भावाला फोन करताना त्याला राहुकाळ आठवला. तासाभरापूर्वी आकडेमोड करताना मात्र तो आठवला नाही. जणू घरचा राघोत्तम वेगळा आणि ऑफिसातला वेगळा, आणि दोघांची कधी गाठच पडली नव्हती.

शनिवार उजाडला. नऊ वाजता दार उघडले आणि अर्ज येऊ लागले, पण तुरळक. मी आरामात होतो. "बघा, सर," राघोत्तम म्हणाला आणि सगळ्यांसाठी कॉफी मागवली. माझा पंखा नेहमीसारखा फिरत होता.

साडेदहा झाले आणि माझ्यावर आभाळ कोसळले. एकाच क्षणी इतक्या जणांनी दार ठोठावले, की कोणाला आत घ्यावे ते मला कळेना. एकाचे नाव लिहितो तोवर दुसऱ्याचा फोटो, त्यावर तिसऱ्याचा दाखला. मला धाप लागली, अंग तापले आणि मी बंद पडलो.

राघोत्तमने मला पुन्हा चालू केले. बाहेरची माणसे हटली नव्हतीच, उलट वाढली होती. मी पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा उठवले, तिसऱ्यांदा पडलो. कृष्णकांत भाड्याच्या यंत्रांसाठी फोनवर फोन करत होते. पैसे होते, पण यंत्र तयार करून द्यायला सोमवार उजाडेल असेच जो तो सांगत होता. राघोत्तमची नजर घड्याळाकडे गेली.

"अय्यो," तो पुटपुटला, "राहुकालम् सुटलं."

कृष्णकांतांना आधी कळले नाही. कळले तेव्हा ते ओरडले नाहीत. "मी विचारलं होतं, राघोत्तम," एवढेच म्हणाले. ओरडले असते तर बरे झाले असते असे मला वाटले.

अधूनमधून चार अर्ज आत येत, की मी पुन्हा आडवा. कारखान्याकडे मुदत वाढवून मागितली, तर मिळाले तेवढे अर्ज आम्हाला पुरेत, असे उत्तर आले. त्यांना माणसे हवी होती, ती मिळाली. राहिलेल्यांचे त्यांना काय?

दुपार कलताना व्यंकट शेअर ऑटोने थेट ऑफिसात आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूती. माझ्या खोलीच्या दारातच तो उभा राहिला.

"अण्णा, मी नऊला तिथेंच होतों," तो म्हणाला. "ब्राउझिंग सेंटरांत माझ्यासमोर पान उघडं होतं. तूं सांगितलास म्हणून हात बांधून बैसलों."

राघोत्तमने मला पुन्हा एकदा चालू केले.

"मिशीन तुझ्या हातांत आहे. एक नांव आंत घालाला किती वेळ लागेल, अण्णा? कोणाला कळतंय?"

राघोत्तमने माझ्यापुढे बसून भावाचे नाव लिहिले. ते मला अक्षर अक्षर कळले. एक कळ दाबली की झाले असते. मी कोणाला सांगणार होतो? त्याने बोट त्या कळीवर नेले. मग त्याने नाव पुसून टाकले.

"अस्के बाहेर उभे आहेत रे," तो म्हणाला. "त्यांना सोडून तुझंच कसं घालूं?"

मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्याचा भयंकर रागही आला. तंजावरकडची माणसे निघताना 'जाऊन येतों' म्हणतात, नुसते 'जातों' कधीच म्हणत नाहीत. व्यंकट म्हणाला, "जातों," आणि मागे न बघता जिना उतरला.

पुढचे फार नाही. मोठे काम हातचे गेले, त्यामागून लहान गिऱ्हाइकेही गेली. राघोत्तमने नोकरी सोडली. कंपनीला कुलूप लागले आणि मी इथे आलो. सामान बांधताना कृष्णकांत कोणाला तरी सांगत होते, की व्यंकट चेन्नईपलीकडे गुम्मिडिपूंडीला एका भट्टीवर कंत्राटाने लागला, तिथेच खोली करून राहतो आणि सणालाही घरी येत नाही. सुंदरीअम्मा थोरल्याला रोज एकच विचारते, तूं त्या मिशीनपाशींच होतास कीं रे?

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, धूळ झटका, हवा खेळू द्या. पण उद्या तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर होऊन अशी आखणी करायला बसेल, तेव्हा किती माणसे येणार एवढ्यावर थांबू नका. ती कोण आहेत, कशी जगतात, केव्हा घराबाहेर पडतात, तेही विचारा. मी बंद पडलो त्याचे मला फारसे दुःख नाही. माझ्या जागी सोमवारी का होईना, दुसरे यंत्र आणता आले असते. व्यंकटचे सरलेले वय मात्र आता कोण आणून देणार?