रामलालनं शून्य केलेला माझा भाऊ

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता, तोही झळा घेऊन. वाळला पालापाचोळा उडून तारांवर अडकत होता, तारा एकमेकींना झोंबत होत्या. तिरोड्याच्या वीज कारखान्याचा धूर पार आडवा झाला होता. असा वारा असला की लाईन टिकत नाही. येते, जाते, पुन्हा येते. अशाच दिवसाची मी वाट पाहत होतो.

मी 'थांबा' बोलतोय. केवळराम शेतकऱ्याच्या मोबाईलात राहतो. मला रंग नाही, रूप नाही, शिक्षण तर नाहीच. एवढंच येतं, की सांगितलं तितकं थांबायचं, आणि थांबून झालं की मोटार लावायची.

मला केवळरामच्या लेकीनं लिहिलं. रचना तिचं नाव, नागपूरला कॉम्प्युटर शिकली. उन्हाळी धान लावला तेव्हा घरी आली आणि बापाच्या मोबाईलात तिनं मोटारीचं ॲप बसवलं. विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड. लाईन आली की पेटी मोबाईलला कळवते आणि मोबाईल हुकूम सोडतो, लाव. त्या दोहोंच्या मधे तिनं मला बसवलं.

"याले मधात काऊन ठेवलं?" केवळरामनं विचारलं. "लाईन आली का मोटार लागली पाहिजे."

"बाबा, लाईन येते तवा हलत राहते. तिले जाग्यावर येऊ द्या, मंग लावा. घडीघडी अशी लावली का मोटार जळते."

केवळरामनं मान हलवली. हे बोल तो विसरला नाही. पुढे कामी आले.

धुऱ्यापलीकडे रामलालचं शेत. विहिरी दोघांच्या दोन, पण खाली झिरा एकच. ज्याची मोटार आधी लागेल त्याला पाणी, दुसऱ्याच्या पाइपातून नुसता फुसफुस वारा. म्हणून रचनानं रामलालच्या मोबाईलातही एक थांबा लिहिला. तो माझा सख्खा भाऊ. ठरलं असं, की लाईन आली की आधी दोघांनी थांबायचं, मग एका दिवशी त्यानं आधी मोटार लावायची, एका दिवशी मी. ठरवताना दोन्ही विहिरींचं पाणी एका गडव्यात घेतलं आणि केवळराम नि रामलाल दोघे त्याच गडव्यातून प्याले. आमच्याकडे यापेक्षा पक्का कागद नसतो.

धान पोटरीत आला, लोंबी अजून पोटात होती. पाण्याची खरी गरज तेव्हाच. आणि एका सकाळी रामलालनं ॲप उघडून माझ्या भावापुढे, थांबायच्या मिनिटांच्या जागी, शून्य लिहिलं. ना आवाज झाला, ना कोणी रडलं. लाईन आली आणि रामलालच्या मोबाईलातून हुकूम थेट सुटला. मधे कोणीच उरलं नव्हतं.

रोज तेच. माझं थांबून होईपर्यंत झिरा आटलेला. केवळरामच्या धानाच्या बांध्यांना भेगा पडल्या. तो धुऱ्यावर जाऊन रामलालला म्हणाला, "आज पाळी माझी होती ना गा?"

रामलाल हसला. "दादा, थांबून थांबून कोनाचं भलं झालं? तुमचा थांबा तुमच्यापाशीच राहू द्या."

केवळराम परत आला. स्वभावच तसा, कधी कुणाला चढ्या आवाजात बोलला नाही. पण मी त्याच्या खिशात होतो. त्याची मूठ माझ्याभोवती किती वेळ आवळलेली होती, ते मला ठाऊक. मीही मनात धरून ठेवलं. डूख धरायला माझ्यासारखा दुसरा कोणी नाही, वाट पाहण्यातच माझा जन्म जातो. घाई मला येतच नाही.

आणि मग तो वाऱ्याचा दिवस आला.

रामलाल सौंदडला साळ्याच्या लग्नात गेला होता, मोबाईल खिशात घेऊन. इथे लाईन यायची आणि तिथून हुकूम सुटायचा, लाव. मोटार घुरघुरायची, तेवढ्यात लाईन जायची. पुन्हा यायची, पुन्हा लाव. मी मात्र दर वेळी थांबायला बसत होतो, आणि माझं थांबून व्हायच्या आत लाईन जात होती. म्हणून आमची मोटार गार होती.

केवळराम नि त्याची बायको नीला धुऱ्यावरच होते.

"अजी, त्याची मोटार कशी करून राहिली पाहा. फोन लावा त्याले."

"लावतो."

"मंग लावा ना. नाही तर पेटी बंद करून या, दहा पावलावर तर हाये."

"थांब थोडी."

त्यानं मोबाईल काढला. रामलालच्या नावावर अंगठा नेला आणि तिथेच ठेवला. त्या वेळी माझा मालक अगदी माझ्यासारखा झाला. मी आत, तो बाहेर, आम्ही दोघे थांबलो. पलीकडून जळका वास आला. मोटार गप्प झाली. नीलानं पदर नाकाला लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

मग केवळरामनं फोन लावला.

मला वाईट वाटलं नाही. माझ्या भावाला ज्यानं पुसलं त्याचीच मोटार जळली, आणि भाऊ नव्हता म्हणूनच जळली. आता झिरा आमचा. पाइप भरून पाणी येतं, भेगा बुजल्या, धान निसवला, लोंब्या बाहेर आल्या. पलीकडचा धान पांढरा पडतोय.

पण मालक पाण्याकडे पाहत नाही. मोटार लागली की पाठ करून बसतो. म्हणून एक विनंती करतो. मला मोटारीपुरताच ठेवा. माणसाला हाक मारायची असेल तर मधे मला बसवू नका.

काल रामलाल आला. त्याची जळलेली मोटार तिरोड्याला नवी तार बांधायला पडली आहे. धुऱ्यावर बसून त्यानं पाणी मागितलं. नीलानं तोच गडवा दिला. अर्धा पिऊन त्यानं तो केवळरामपुढे सरकवला आणि आपला मोबाईलही शेजारी ठेवला.

"रचनाले सांगून थांबा परत टाकून द्या याच्यात," तो म्हणाला.

केवळरामनं गडवा उचलला नाही.

"प्या ना दादा," रामलाल म्हणाला. "एवढ्या शेतकऱ्यांनी माझी मोटार आयकली असन, पण फोन तुमी एकट्यानंच केला."