वजन वाढलं म्हणून पेढे

आमच्या ह्यांचं वजन वाढलं की घरात पेढे येतात. शिवाजी पेठेतल्या तालमीत वाढलेला माणूस. तिथं वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली. कुस्ती सुटून कैक वर्षं झाली, पण अक्कल अजून तिथंच लंगोट लावून बसली आहे.

गेल्या वर्षी ह्यांचं हृदय दुबळं झाल्याचं निघालं. रोज सकाळी वजन बघा, मीठ आणि पाणी बेतानं घ्या, असं दवाखान्यात बजावलं होतं. गणपतरावांनी त्यातलं वजन तेवढं मनावर घेतलं. काटा वर सरकला की मला हाक, "शालन, बघ की! अंग धरलंय!"

आमच्या अक्षताचं लग्न आठवड्यावर आलं आणि ह्यांचं अंग फारच धरायला लागलं. चप्पल पायात शिरेना. जिना चढताना मध्येच थांबायचे आणि भिंतीचा रंग बघतोय म्हणायचे. मी भांडायला तोंड उघडलं की त्यात पेढा.

केळवणाला पुतणी अनुजा आली. ती डॉक्टर. तिनं ह्यांच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला.

"काका, हे मांस न्हवं. पाणी साठलंय."

"पाणी? मी तहान लागली तरच पितोय की."

"तिथंच घोळ हाय. रक्तातलं पाणी वाढलं की हृदय ताणलं जातं आणि किडनीला सांगतं, पुरे, मीठ-पाणी बाहेर टाक. तुमचं हृदयबी तेच सांगतंय. पण रक्त पुढं ढकलायला त्याला जोर न्हाय. मेंदूला वाटतंय, रक्तच कमी पडलंय. मग तो तहान लावतोय आणि किडनीला दम देतोय, पाणी धरून ठेव."

"म्हणजे काळीज बास म्हणतंय आणि डोकं अजून वाढ म्हणतंय?" ह्यांनी विचारलं.

"व्हय."

"आपल्या घरच्या पंगतीवाणी," मी म्हणाले. "पावणं ताटावर आडवं पडलं तरी तुम्ही रस्सा ओतताच."

सगळे हसले. हेही हसले आणि हसता हसता ह्यांना अशी धाप लागली की बोलता येईना. मला फार भीती वाटली.

"आजच ॲडमिट व्हा," अनुजा म्हणाली. "औषधानं पाणी काढावं लागंल. असंच घरी बसलासा तर लग्नात उभं ऱ्हायचं विसरा."

"आणि हडकुळा होऊन पावण्यांफुडं जाऊ?"

तेवढ्यात अक्षता पुढं आली. "पप्पा, तुम्ही नसला तर मी लग्नाला उभी ऱ्हात न्हाय. बघा मग."

हे गुपचूप उठले आणि अनवाणीच रिक्षात जाऊन बसले. वाटेत एकदाही वाद घातला नाही, त्यानं तर मी जास्तच घाबरले.

लग्नाला हे आले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. तालमीतला जोडीदार सयाजी भर मांडवात ओरडला, "गणपा, पार वाळलास की लेका!" ह्यांनी मिशीवर हात फिरवला आणि हे स्टेजकडं निघाले.

स्टेजच्या पायऱ्या उंच होत्या. मी वर उभी राहून हात पुढं केला. ह्यांनी तो बघितलाच नाही. एका दमात वर आले आणि लेकीजवळ जाऊन ताठ उभे राहिले. माझा हात तसाच हवेत. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याकडं असं दुर्लक्ष केल्याबद्दल मी ह्यांच्यावर पहिल्यांदाच रागावले नाही.