आधी जळजळ की आधी पुडी

भागोजी एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली. देवरूखच्या बाजारपेठेमागे ते आणि दमयंतीबाई दोघंच राहतात. गेली दोन वर्षं प्रेशरच्या गोळीखेरीज भागोजींची दोन औषधं ठरलेली. जेवल्यावर छातीत जळजळलं की पाण्यात टाकायची फेसाची पुडी, आणि झोपताना कोमट पाण्यातून पोट साफ व्हायचं चूर्ण. होता होता पुड्या दिवसाला चारवर गेल्या आणि चूर्ण तीन चमचे.

पेल्यात फेस वर येताना बघूनच त्यांना अर्धं बरं वाटायचं. ढेकर आली की म्हणायचे, "सुटलो." तासाभराने पुन्हा तेच.

गणपती झाले आणि त्यांचे पाय सुजले. चपलेचा पट्टा रुतायला लागला, तेव्हा दमयंतीबाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर दर्शना वयाने लहान, पण घाई न करणारी. तिने ब्लडप्रेशर दोनदा मोजलं.

"काका, आधी काय सुरू झालं? जळजळ की पोट साफ न होणं?"

"जळजळ," भागोजी म्हणाले.

"नाय हो," दमयंतीबाई म्हणाल्या. "आधी चूर्ण. तुमच्या भाचीच्या, नम्रताच्या लग्नात तुम्ही चूर्णाचा डबा शोधत नव्हतात?"

"अगो, मी पुडी शोधत होतो. डबा तुझा होता."

"माझा? मी कधी घेतलं चूर्ण?"

भागोजी गोंधळले. डबा तिचा नव्हता, तर मग लग्नात त्यांना नक्की काय होत होतं?

"उद्या घरात जे जे घेता ते सगळं पिशवीत घालून आणा," दर्शना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दर्शनाच्या टेबलावर पिशवी रिकामी झाली. पुड्या, डबा, प्रेशरच्या गोळ्या, आणि तळाला गोळ्यांची एक अर्धी पट्टी.

"ही कसली?"

"ते औषध नाय. गुडघ्याची आहे. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेलाय माझा."

"कधी घेता?"

"सकाळी चहाच्या आधी. पाय सुजल्यापासून दुपारी पण."

दर्शनाने पट्टी बाजूला ठेवली. "उपाशीपोटी ही घेतली की पोटात आग होते. आग झाली की तुम्ही पुडी घेता. पुडीत मिठासारखाच क्षार असतो, त्याने प्रेशर चढतं, अंगात पाणी धरतं. सूज या गोळीनेही येते. आणि सूज आली म्हणून तुम्ही गोळी वाढवलीत."

"आणि पोट?"

"चूर्णाची आतड्याला सवय लागली. ते एकदम नको, हळूहळू कमी करू. गोळी आणि पुडी मात्र आजपासून बंद."

रिक्षात भागोजींनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "म्हणजे मला आजार गुडघ्याचा?"

"असंच म्हणाली ती."

"मग मी दोन वर्षं छातीवर हात ठेवून का बसत होतो?"

पंधरा दिवसांत सूज उतरली. गुडघा दुखायचा, त्यावर दमयंतीबाई गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यायच्या. एका दुपारी भागोजी कुळथाचं पिठलं आणि भात दोनदा मागून जेवले, आणि जळजळीची वाट बघत ओटीवर बसले. अर्धा तास झाला. पाऊण झाला. काहीच होईना. त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं.

"अगो, मी बरा झालो काय?"

"मला काय विचारता?" दमयंतीबाई म्हणाल्या आणि ताटं उचलून आत गेल्या.