ओट्याची उंची

"हा विषय मी मंजूर करणार नाही." आरती मॅडमनी कागद परत सरकवला. "स्वयंपाकाच्या ओट्याची उंची! यात संशोधन काय करणार तू?"

अमरावतीच्या त्या खासगी डिझाइन कॉलेजात दुसऱ्या वर्षाचे संशोधनाचे विषय ठरत होते. विपुलला बुलेटचे सायलेन्सर मिळाले होते, खुशीला नवरीची मेंदी. अडवलं ते प्रियदर्शनीला.

"मॅडम, बुटक्या बायकांना ओटा उंच पडतो. माझ्या आईचे खांदे रोज..."

"अगं, तुमच्या लोकांकडे केवढं आहे! निळे झेंडे, जयंतीची मिरवणूक, वस्तीतल्या भिंतींवरची चित्रं. ते कर."

"मी वस्तीत राहत नाही. अकोल्याला आमचा फ्लॅट आहे."

"मूळ तर तिथलंच ना?"

मागून विपुल म्हणाला, "घेऊन टाक ना वं. तुले तर घरीच भेटते सारं."

प्रियदर्शनी गर्रकन वळली. "तुले विषय देताना कोणी जात पाह्यली का? मंग माहीच काहून?"

सगळा वर्ग तिच्याकडे वळून पाहू लागला.

"आवाज खाली," मॅडम म्हणाल्या. "मार्क माझ्या हातात आहेत, एवढं लक्षात ठेव."

शनिवारी ती अकोल्याला गेली. आई तरी आपली बाजू घेईल, असं तिला वाटलं होतं. आई, पंचफुला, सरकारी दवाखान्यातली नर्स; नुकतीच निवृत्त झालेली. सगळं ऐकून ती लेकीवरच उखडली.

"भांडाची काय गरज होती? देऊन टाक झेंडे काढून. पास हो अन् मोकळी हो."

"तुले चालते हे?"

"मले कोणी इचारलं? दवाखान्यात जयंतीचं भाषण दरसाल माह्याच गळ्यात. बाकी सालभर कोणी माह्यासंग डबा खाल्ला नाही. तरी केलं भाषण. हासून केलं."

"मी नाही करत."

"मंग नापास हो!" आईने कुकर ओट्यावर आपटला.

रविवारी निघायच्या आधी प्रियदर्शनीने टेप काढली. आई कपाळाला आठ्या घालून ओट्याशी जाऊन उभी राहिली आणि तिने कोपरापासून माप घेऊ दिलं.

मंजुरी नसतानाही प्रियदर्शनीने तोच विषय पुरा केला. मॅडमनी तिला काठावर पास केलं.

वर्गाच्या प्रदर्शनाला आई न कळवता आली. मॅडमनी तिला पाहिलं आणि गोड हसून म्हणाल्या, "तुम्ही हिच्या आई का? तुम्ही तरी समजवायचं होतं हिला."

"समजावलं होतं," आई म्हणाली. "तिनं ऐकलं नाही. बरं झालं."

मॅडम पुढच्या टेबलाकडे गेल्या. प्रियदर्शनीने खुर्ची ओढली.

"बस ना, आई."

"नाही. उभीच बरी."

पदर सारखा करून ती ओट्याची मापं मांडलेल्या लेकीच्या टेबलाशेजारी उभी राहिली, लोक आत येत होते त्या दाराकडे तोंड करून.