नानासाहेबांच्या गाडीचा शाफ्ट

पाचोडच्या नानासाहेबांचा पहिला ट्रक गोठ्यामागं विटांवर उभा होता. त्याची सीट ओसरीत बसायला, आरसा दाढीला आणि भोंगा ट्रॅक्टरला. पाहुणा आला की त्या सीटवर रेलून ते म्हणायचे, "तसं लोखंड आता येत नाय." सून तनुजा चहा ठेवता ठेवता मनात म्हणायची, तशी मिजासही आता येत नाही.

चालती गाडी दुसरी होती, बऱ्याच वर्षांनंतरच्या मॉडेलची. तनुजाचा नवरा गोकुळ तिच्यातून मोसंबी जळगावला न्यायचा. तिच्या स्टिअरिंग बॉक्समधला शाफ्ट गेला. संभाजीनगरातले जुन्या पार्ट्सचे दुकानदार नवाबभाई फोनवर म्हणाले, "त्याच मॉडेलचा शाफ्ट परवा येतो. दुसरा टाकू नका गोकुळभाऊ, दाते जुळत नाहीत." एवढं ऐकलं आणि नानासाहेबांचं डोकं फिरलं. घरात अस्सल माल असताना बाजारात हात पसरायचे? त्यांनी कडुबा मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

कडुबाला मिस्त्री म्हणायचं ते केवळ त्याच्याकडं पाने होते म्हणून. नानासाहेब खोकले तरी तो "व्हय, बरोबर हाय" म्हणायचा. त्यानं जुन्या ट्रकचा शाफ्ट काढून चालत्या गाडीच्या बॉक्समध्ये घातला. शाफ्ट आत बसला, पण त्याच्यावर ड्रॉप आर्म बसेना. हा आर्म म्हणजे बॉक्सखाली लोंबणारा दांडा, चाकं वळवतो तो. तो एकाच जागी बसावा म्हणून त्याच्या दात्यांत एक मुद्दाम जाड ठेवलेला असतो. जुन्या शाफ्टवर त्या जाड दात्याला जागाच नव्हती. अक्कल असलेला माणूस इथं थांबला असता. कडुबानं कानस घेतली आणि तो दाताच घासून टाकला. आता आर्म कसाही बसत होता, म्हणून तो वाकडा बसला. त्यामुळं स्टिअरिंगही वाकडं दिसू लागलं, तर या पठ्ठ्यानं ते उपसून सरळ दिसेल असं परत ठोकलं.

"बघा," नानासाहेब म्हणाले, "कसं नाकासमोर हाय!"

गोकुळनं जागेवरच स्टिअरिंग फिरवून पाहिलं. उजवीकडं पोटभर वळत होतं, डावीकडं अर्ध्यातच अडत होतं. त्यानं ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन तनुजाला सांगितलं.

"मग मला कशाला सांगताय? मामांना सांगा," ती म्हणाली. "उद्या अजिंठ्याचा घाट उतरायचाय तुम्हाला. भरल्या गाडीनं."

"नाना म्हणत्यात, चालवून चालवून बसंल जागेवर."

"अन् घाट थांबंल का तवर?"

गोकुळ नुसता हसला. बापासमोर या माणसाच्या तोंडाला कुलूप लागायचं, आणि लोक त्यालाच संस्कार म्हणून वाखाणायचे. तनुजाला त्याची चीड आली. त्याहून जास्त भीती वाटली. फर्दापूरच्या अलीकडची घाटातली ती वळणं तिनं त्याच्या शेजारी बसून पाहिली होती.

गाडी दुरुस्त झाली की चाकांखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा आणि घरातल्या कर्त्यानं ती फाटकाबाहेर काढून द्यायची, ही या घरची रीत. सकाळी मोसंबी भरून झाली. नानासाहेब फेटा बांधून आले आणि वर चढून बसले. चार शेजारी जमले. लिंबं फटफट फुटली. गाडी गोठ्यापासून सरळ आली तोवर सगळं झकास होतं. फाटकाशी डावीकडं वळायचं होतं. नानासाहेबांनी स्टिअरिंग ओढलं, ते अडलं. त्यांनी दात-ओठ खाऊन ओढलं.

"येऊ द्या, येऊ द्या! लई जागा हाय!" कडुबा पुढून हात हलवत होता.

गाडीचं नाक फाटकाच्या उजव्या खांबात घुसलं. खांबावरची नानासाहेबांच्या नावाची संगमरवरी पाटी खाली पडून फुटली.

नानासाहेब खाली उतरले. फेटा सावरला. "फाटकच अरुंद बांधलंय," ते म्हणाले.

"व्हय, गवंड्याची चूक हाय," कडुबा लगेच म्हणाला.

"गोकुळ, पहार आण. खांब पाड अन् नीघ. माल सडंल."

आणि गोकुळ खरंच पहार आणायला वळला. ते तनुजानं पाहिलं. कधी चारचौघांत न बोललेली ती बाई पदर सावरून पुढं झाली.

"मामा, दोष फाटकाचा हाय ना? घाटात काय फाटक नाय. मग आजचा माल तुम्हीच न्या. लिंबावरनं गाडी काढलीच हाय, तशीच जळगावला जाऊ द्या."

शेजाऱ्यांनी माना खाली घातल्या. नानासाहेब चमकून तिच्याकडं पाहत राहिले.

"म्या?" ते म्हणाले. "ह्या गाडीतून? येडी का काय तू? वाटेत काय झालं म्हंजी?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. कडुबाला एवढं कळत नव्हतं. तो सवयीनं म्हणाला, "व्हय, बरोबर हाय."

गोकुळ पहार हातात घेऊन जागीच उभा होता. तो बापाकडं पाहत राहिला, लहान लेकरानं पाहावं तसा. मग त्यानं पहार खांबाला टेकवून ठेवली, कडुबाच्या हातातला पाना घेतला आणि तो गाडीखाली शिरला.

"गोकुळ, बाहेर ये," नानासाहेब म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

गाडीखालून नट सैल केल्याचा आवाज आला.

"तनुजा," गोकुळ आतूनच म्हणाला, "नवाबभाईला फोन लाव. अन् नाना, तुमचा शाफ्ट काढून देतो, ओसरीत ठेवा."