सुशीलाच्या पत्रांतला ळ

तुळशीराम गुरुजी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका शाळेत मराठी शिकवत. बाकीचे सगळे विषय हिंदीत. पोरं घरी मराठी बोलत आणि वहीत हिंदी लिहीत, म्हणून त्यांच्या हातून ‘ळ’ उमटतच नसे. केळ्याचं केलं व्हायचं, वेळेची वेल व्हायची. गुरुजींनी बावीस वर्षं तेच दुरुस्त केलं. त्यांची स्वतःची मुलगी सुशीला अकरावी झाली, तरी तिचा ळ काही सुधारला नव्हता.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा प्रकाश वरूडला कारकून. महाराष्ट्रातलं घर, मराठी शाळेत शिकलेली माणसं. निघताना गुरुजी तिला म्हणाले, “पत्र लिहीत जा. अन् शुद्ध लिही. तिकडं हसतीन लोकं.”

पहिलं पत्र पंधरा दिवसांत आलं. गुरुजींनी लाल पेन घेतलं, चुकांना गोल केले, बाजूला बरोबर शब्द लिहिले आणि तेच पत्र पाकिटात घालून तिला परत पाठवलं. दुरुस्त शब्द पाच-पाच वेळा लिहायला सांगितले. पुढं प्रत्येक पत्राचं तसंच झालं.

त्यांची बायको कलाबाई. तिला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की ती चुलीपासून उठून यायची.

“काय लिवते पोरगी?”

“अकरा चुका हायेत.”

“ते नाही इचारून राहिली मी. बरी हाये का?”

“बरीच असन. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही तिले.”

चुका कमी होत गेल्या. नऊ, सहा, चार. पत्रंही लहान होत गेली. पुढच्या वर्षी श्रावणात एक पत्र आलं, त्यात दोनच ओळी होत्या : ‘मी बरी आहे. काळजी नसावी.’ एकही चूक नव्हती. गुरुजींनी ते शाळेत नेऊन नत्थूजी मास्तरांना दाखवलं.

त्यानंतर पत्र आलं नाही. पोळा झाला, गणपती गेले. एका संध्याकाळी कलाबाई म्हणाली, “मले वरूडले जायाचं हाये.”

“दिवाळीले आणू ना तिले.”

“नाही. उद्या.”

ती कधी एकटी बसमध्ये बसली नव्हती. पांढुर्ण्याला गाडी बदलावी लागे. लोकांना विचारत विचारत ती गेली आणि दुसऱ्या दिवशी दिवस कलायच्या आत सुशीलाला घेऊन परत आली.

सुशीलाच्या हातात एक कापडी पिशवी होती. डावी पापणी अर्धी मिटलेली होती, उघडत नव्हती.

“डोळ्याले काय झालं?” गुरुजींनी विचारलं.

“लिहिलं होतं ना, बाबा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. बस किती वाजता आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं. मग पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढून खाटेवर ठेवला आणि पाणी प्यायला आत गेली.

गुरुजी ओसरीवर बसून वाचू लागले. सगळीकडं त्यांचंच लाल अक्षर होतं. ‘सकालपासून उपाशि आहे.’ बाजूला : सकाळ, शी दीर्घ. ‘मला घेउन जा.’ बाजूला : ऊ दीर्घ. एका पत्रात होतं, ‘काल ह्यांनी डोल्यावर मारलं.’ ‘ल’भोवती गोल होता आणि बाजूला ‘डोळा – पाच वेळा लिहिणे’. खाली निळ्या शाईत सुशीलानं लिहिलं होतं : डोळा, डोळा, डोळा, डोळा, डोळा.

त्यांनी सगळी पत्रं वाचली. चूक न् चूक आठवत होती, वाक्य एकही आठवत नव्हतं. रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही. कलाबाईनं जेवायला हाक मारली, ते उठले आणि जेवले. भाजी कशाची होती हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वीस दिवसांनी प्रकाशचं पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं, काना-मात्रा जागच्या जागी.

“काय लिवलं?” कलाबाईनं विचारलं.

या वेळी गुरुजींनी शब्दन् शब्द वाचून दाखवला. ‘आपल्या कन्येस चार समजुतीच्या गोष्टी सांगून त्वरित पाठवून द्यावे. संसारात भांड्याला भांडं लागतंच.’

कलाबाई सुशीलाकडं वळली. “जाशीन?”

“नाही.”

गुरुजींनी कार्ड घेतलं आणि लिहिलं, ‘सुशीला येणार नाही.’ दुसरं काही सुचेना. कार्ड त्यांनी स्वतः पोस्टात टाकलं. प्रकाशनं पुढं दोनदा माणसं पाठवली. दोन्ही वेळा कलाबाईनं त्यांना चहा पाजला आणि तसंच वाटेला लावलं.

नागपूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की पापणी थोडी उचलेल, पण नजर जेवढी गेली तेवढी गेली. सुशीलानं मान हलवली. ‘बरं’ म्हणाली.

दीड वर्षानं तिला मोहगावच्या बालवाडीत काम मिळालं. बाप-लेकीत बोलणं थोडंच होतं. “जेवली का?” “हो.” त्या पत्रांचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही. सकाळी ती निघाली की गुरुजी पायात चपला घालून सोबत स्टँडवर जात. दोघं बाकड्यावर बसत. मोहगावची गाडी आली की ती चढे, आणि गाडी सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे राहत.