तेरा अंश डावीकडे

मित्रांनो, मी एक जुने पितळी होकायंत्र आहे. अमेरिकेत वेस्ट विंडसर नावाच्या गावात, एका स्वयंपाकघराच्या खिडकीत माझे बिऱ्हाड आहे. माझ्या एका बाजूला भांडी घासायचा साबण आणि दुसऱ्या बाजूला कढीपत्त्याची कुंडी. माझ्या काचेवर, उत्तरेच्या खुणेच्या जरा डावीकडे, एक लाल ठिपका आहे. तो अर्धवट खरवडलेला आहे. घरी येणारे पाहुणे विचारतात, हे काय लागलंय? माझी मालकीण प्रणिता उठून चहा ठेवते. तेव्हा ती गोष्ट मीच सांगावी हे बरे.

माझा जन्म रुरकीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी नागपूरला आलो आणि एका तरुण भूकरमापकाच्या हातात पडलो. शेतांची मोजणी करून हद्दीच्या खुणा घालणे हे त्यांचे काम. त्यांचे नाव पंडित. प्रणिता त्यांची मुलगी, ती त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबांच्या आजोबांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. दुसऱ्याच्या बांधावरून चालायचीही त्यांना चोरी होती. त्याच घरातला मुलगा शिकला आणि बांध कुठे असावा हे सांगू लागला. अख्खे गाव त्यांच्या बोटाकडे बघत उभे राही. अशा वेळी मी त्यांच्या तळहातावर असे, आणि खोटे कशाला बोलू, मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

बाबांनी एकतीस वर्षे नोकरी केली. फेरमोजण्या पुष्कळ झाल्या, तक्रारी झाल्या, वरून साहेब येऊन गेले. पण बाबांनी घातलेली एकही खूण जागची हलली नाही. ते कधी चारचौघांत ही फुशारकी मारत नसत. फक्त दर रविवारी मला फडक्याने पुसताना हळूच म्हणत, "खूण हलली नाही." मी कचेरीचा नव्हतो, त्यांचा स्वतःचा होतो. म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याबरोबर मीही घरी आलो.

प्रणिता नऊ वर्षांची असताना बाबांनी मला तिच्या हातावर ठेवले होते. "आधी उत्तर, मग पाय," असे ते तिला सांगत. पोरगी हुशार निघाली. औषधांवर संशोधन करायला अमेरिकेला गेली, तिथेच सुशांतशी लग्न करून राहिली. तिला पळण्याचे वेड लागले. साध्या रस्त्यावरचे पळणे तिला पुरेना, तिला डोंगर हवे होते. आता वेस्ट विंडसर म्हणजे पोळपाटासारखे सपाट गाव. बाई कचेरीच्या पाचमजली पार्किंगच्या उतारावर रोज वीस वेळा वर-खाली करी. तिथला रखवालदार तिला वेडी समजत असावा.

मग तिने एका डोंगरशर्यतीत नाव घातले. गावापासून उत्तरेला चार तासांवर मोठे डोंगर आहेत, तिथली ही शर्यत. अंतर चाळीस किलोमीटरांच्या वर. रस्ता आखलेला नाही, बाण नाहीत, झेंड्या नाहीत. आठ ठिकाणे नकाशावर दाखवतात. तिथे क्रमाने पोहोचायचे, मधली वाट ज्याची त्याने शोधायची. फोन पाकिटात घालून सीलबंद करतात. जवळ फक्त कागदी नकाशा आणि होकायंत्र.

तिने नागपूरला फोन करून हे सांगितले तेव्हा बाबा कितीतरी वेळ हसत होते. रत्नाबाई, म्हणजे प्रणिताची आई, गेल्यापासून मी त्यांना तसे हसताना ऐकले नव्हते. "जय भीम बेटा," ते म्हणाले, "हे तर आपल्या घरचं काम आहे. मीच येतो." जून महिन्यात बाबा आले. त्यांच्या पिशवीत, लोकरी मोज्यात गुंडाळलेला मी होतो.

इथे आल्या आल्या माझ्या सुईचे नाक खाली झुकू लागले. तबकडीला घासू लागले. बाबांनी मला दोन-तीन वेळा टिचकी मारून पाहिली. "हिला इकडचं हवामान मानवत नाही," असे म्हणून ते मला जरा तिरपे धरू लागले. मित्रांनो, माझे शरीर तेव्हाच सांगत होते की हा मुलूख वेगळा आहे. आम्ही दोघांनी ते हसण्यावारी नेले.

ते चार महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. बाबांनी जेवणाचे टेबल बळकावले. शर्यतीचा मुलूख दोन नकाशांत विभागलेला होता. कचेरीत ते करत असत तसेच त्यांनी इथेही केले. कात्रीने दोन्ही नकाशांच्या पांढऱ्या कडा कापल्या आणि रेषेला रेष जुळवून दोन्ही चिकटवले. जोड असा बेमालूम की सुशांत म्हणाला, "काका, हे प्रिंटच असं आलंय वाटतं यार!" कापलेल्या कडा कचऱ्याच्या डब्यात गेल्या. कचेरीतल्या नकाशांच्या कडांवर कामाचे काही नसे. त्या तशाच टाकायच्या असत.

दर शनिवारी सुशांत गाडी काढी. पायथ्याच्या लाकडी बाकावर बाबा नकाशा पसरून बसत. प्रणिता एकेक टप्पा पळून येई आणि धापा टाकत सांगे, इथे ओढा आहे, इथे कातळ आहे, इथे इतकी झुडपं की पाय ठेवता येत नाही. बाबा पेन्सिलीने टिपून घेत. मग वाद होई.

"बाबा, सरळ टॉपवरून गेले तर अंतर कमी पडतं ना?"

"अंतर कमी, पण चढ किती? कडेनं वळसा घाल. पाय वाचतील, ते पुढे कामी येतील."

तिने दोन्ही वाटा पळून पाहिल्या. वळशाची वाट सात मिनिटांनी लवकर संपली. त्या दिवशी तिने बाबांच्या गालाला घामेजलेला गाल लावला. बाबांनी "अगं, अगं" केले, पण तोंड पुसले नाही. त्या सगळ्याच शनिवारी हवा स्वच्छ होती. समोर शिखर दिसत होते, खाली ओढा दिसत होता. ती डोळ्यांनीच वाट काढी. मला बाहेर काढी ती फक्त बाबांचे मन राखायला.

शेवटच्या टप्प्याचे तेवढे राहिले होते. डोंगराच्या पसरट माथ्यावरचे तीन किलोमीटर घनदाट जंगल.

"तिकडे आधी जायचं अलाऊड नाहीये, बाबा. रूल आहे."

"मग टेबलावर करू. मी आहे ना," बाबा म्हणाले. त्यांनी पट्टी ठेवली, कोनमापक ठेवला, तीनदा मोजले. "चाळीस अंश. सुई सांगेल तसं चाळीस अंशांवर चालत राहा. खूण हलणार नाही."

ऑक्टोबरमधल्या त्या शनिवारी डोंगरावर धुके होते. प्रणिता फार सुंदर पळाली. सात ठिकाणे तिने गाठली, आणि बायकांमध्ये तिसरी होती. जंगलाच्या तोंडाशी तिने मला तळहातावर घेतले. दहा पावलांपलीकडचे झाड दिसत नव्हते. "आधी उत्तर, मग पाय," ती पुटपुटली आणि चाळीस अंशांवर निघाली. फांद्यांनी तिचे हात ओरबाडले, गुडघा फुटला, पण ती रेषा सोडेना. एवढा विश्वास आजवर माझ्यावर कोणी टाकला नव्हता. आणि मी तिला घेऊन गेलो ते भलत्याच दरीत.

शर्यत चार वाजता बंद झाली. साडेपाचला स्वयंसेवकांच्या ट्रकमध्ये बसून ती शेवटच्या रेषेवर आली. बाबा दुपारी एकपासून तिथे उभे होते. एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात गूळ-शेंगदाण्याची पुडी. सुशांतने खुर्ची आणून दिली होती, तिच्यावर ते बसले नव्हते.

तिथे नावे लिहिणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी प्रणिताला पांघरूण दिले आणि मायेनेच विचारले, "हनी, यू डिड अलाऊ फॉर डिक्लिनेशन? इट्स थर्टीन डिग्रीज अप हिअर." त्यांनी आपला नकाशा उघडला. खालच्या पांढऱ्या कडेवर दोन बाण काढलेले होते आणि मध्ये तेराचा आकडा होता. कात्रीने कापलेली कड ती हीच.

मित्रांनो, उत्तर दिशा दोन असतात. एक नकाशाची आणि एक सुईची. दोहोंमधल्या फरकालाच त्या बाई डिक्लिनेशन म्हणत होत्या. नागपुराकडे दोन्ही जवळजवळ एकच. बाबांना शिकवणाऱ्यांनी वर्गात सांगितले होते, आपल्याकडे हा फरक नसल्यासारखाच, सोडून द्या. बाबांनी तो एकतीस वर्षे सोडून दिला आणि एकतीस वर्षे त्यांचे बरोबर आले. इथे मात्र माझी सुई नकाशाच्या उत्तरेपासून तेरा अंश डावीकडे थांबते. तीन किलोमीटर चालले की माणूस सातशे मीटर बाजूला जाते.

बाबा त्या दोन बाणांकडे बघत राहिले. प्रणिता थंडीने कापत होती, गुडघ्यातून रक्त येत होते. चार महिन्यांची मेहनत वाया गेली होती. ती म्हणाली, "आयुष्यभर असंच मोजलंत का, बाबा?"

एवढेच. मी तिच्या मुठीत होतो, मला तिचा राग कळत होता, तो खोटा नव्हता. पण बाबांचे तोंड मी पाहिले. थर्मासचे झाकण लावताना त्यांना आटे सापडत नव्हते. गाडीत ते मागच्या सीटवर बसले.

मंगळवारी त्यांचे विमान होते. सोमवारी प्रणिता आणि सुशांत कामावर गेले. बाबांनी झाडूचा दांडा काढला आणि मागच्या गवतात उभा रोवला. सकाळपासून त्याच्या सावलीच्या टोकाशी ते खडूचे खडे ठेवत होते. सकाळची आणि दुपारची सारख्या लांबीची सावली शोधायची, त्या दोन सावल्यांच्या बरोबर मधून रेषा काढायची, ती खरी उत्तर. गुडघ्यांवर रांगत, चष्मा सावरत, सत्तरीच्या माणसाने चार तास हे केले. कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ थांबून बघून गेले. मग बाबांनी मला त्या रेषेवर ठेवले. सुई डावीकडे गेली. बाबांनी मोजले, पुन्हा मोजले. "खरं आहे," ते मला म्हणाले. "तुझी चूक नाही रे. माझीच."

प्रणिताच्या नखांना लावायच्या रंगाची लाल बाटली त्यांनी आणली. काडीच्या टोकाने माझ्या काचेवर, उत्तरेच्या डावीकडे तेरा अंशांवर, एक ठिपका दिला. सुई या ठिपक्याखाली आणली की तबकडी नकाशाशी जुळते. पुन्हा कधीच चूक व्हायला नको. ठिपका बरोबर जागेवर बसला. वाळेपर्यंत ते फुंकर घालत बसले. मग मला डबीत घालून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी निघताना ते दाराशी म्हणाले, "होकायंत्र ड्रॉवरमध्ये ठेवलंय. बघशील."

"हो बाबा, बघते. पोहोचलात की फोन करा."

तिने पाहिले नाही. मी ड्रॉवरमध्ये वाट पाहत राहिलो. दर रविवारी वरून फोनचा आवाज येई. बीपीची गोळी घेतली का, इकडे बर्फ पडला, तिकडे संत्री आली. शर्यतीचा विषय दोघांपैकी कोणीच काढत नसे. एकदा ती सुशांतला म्हणाली, "मी फार बोलले रे त्या दिवशी. समरमध्ये येतील ना, तेव्हा समोर बसून सॉरी म्हणेन. फोनवर नको."

बाबा फेब्रुवारीत गेले. झोपेतच गेले. प्रणिताच्या व्हिसाचे कागद अडकलेले होते, गेली असती तर परत येता आले नसते. तिच्या भावाने, अनुपने, अंत्यविधीत फोन धरला आणि तिने इथूनच त्रिसरण म्हटले. मी अंधारात ते सारे ऐकले. माझ्यावर ठिपका आहे, हे मला ओरडून सांगायचे होते. पण आम्हा होकायंत्रांना एकच गोष्ट सांगता येते, आणि तीही कोणी हातात घेतले तरच.

एप्रिलमध्ये चिकटपट्टी शोधताना तिला माझी डबी सापडली. तिने झाकण उघडले. "अरे, नेलपॉलिश सांडलं वाटतं," असे म्हणून ती नखाने ठिपका खरवडू लागली. मित्रांनो, मला हात असते तर मी तिचा हात धरला असता. ठिपका निम्मा निघाला. तेवढ्यात ती उजेडासाठी खिडकीकडे वळली, आणि माझी सुई डुलत डुलत उरलेल्या अर्ध्या ठिपक्याखाली येऊन थांबली.

तिचे नख जागच्या जागी थांबले. तिने ओठ हलवून अंश मोजले. अकरा, बारा, तेरा. मग ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. सुशांत धावत आला तेव्हा ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ते बघशील म्हणाले होते रे. मी बघितलं नाही."

यंदाच्या शर्यतीचा अर्ज फ्रिजवर लावलेला आहे. तो तिने भरलेला नाही. भरेल की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातले मोठे माणूसही कधी चुकेल. चूक जरूर दाखवा, ती न दाखवली तर माणसे भलत्या दरीत उतरतात. पण त्या एका चुकीने त्याचे सारे आयुष्य मोजू नका. आणि जाताना ते तुम्हाला "बघशील" म्हणाले, तर त्याच दिवशी बघा. उन्हाळ्यावर ढकलू नका.

आता दर रविवारी प्रणिता मला खिडकीतून उचलते आणि बाबांच्याच जुन्या फडक्याने पुसते. ठिपक्याला फडके लागू देत नाही, त्याच्या भोवतीने पुसते. मग मला जागेवर ठेवते आणि हळूच म्हणते, "खूण हलली नाही, बाबा."